दूल : शेल्डकाठच्या एका फ्लेमिश खेड्याचा इतिहास आणि ग्रामस्वरूप

खेडे म्हटले की ते पुरातन, आपोआप वाढलेले आणि राजकारणाच्या वाऱ्यापासून दूर असलेले मानवी वसतिस्थान होय, अशी समजूत इतिहासाच्या अभ्यासकांच्या मनातही नकळत घर करून असते. नगराला संस्थापक असतो, आराखडा असतो, सनद असते. खेडे मात्र गवताप्रमाणे उगवते, असे मानले जाते. बेल्जियममधील पूर्व फ्लँडर्स प्रांतात, शेल्ड नदीच्या डाव्या तीरावर वसलेले दूल हे लहानसे गाव या समजुतीस छेद देते. दूल हे आखलेले गाव आहे. त्याच्या निर्मितीचा काळ ठाऊक आहे, आणि ते पुसून टाकण्याचा निर्णय कोणत्या वर्षी झाला हेही ठाऊक आहे. एका आराखड्याने जन्मास आलेले आणि दुसऱ्या आराखड्याने मृत्यूच्या दारात नेलेले हे गाव आज उभे आहे, ते का उभे आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. भूमी आणि पाणी

शेल्ड ही भरती-ओहोटीची नदी आहे. उत्तर समुद्राची भरती तिच्या मुखातून आत शिरून अँटवर्प नगर ओलांडून थेट गेंट नगरानजीक पोहोचते. दर भरतीबरोबर येणारा गाळ काठावर साचतो, चिखलाची पठारे उंचावत जातात, त्यांवर खारी वनस्पती उगवते. आणि अशी भूमी पुरेशी उंच झाली की मनुष्य तिच्याभोवती मातीचा बांध घालून ती समुद्रापासून तोडून घेतो. या बंदिस्त भूमीस तेथे ‘पोल्डर’ म्हणतात. कोकण आणि गोमंतकातील खाजण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या व्यवस्थेचे मर्म चटकन ध्यानी येईल. बांधातील दारे ओहोटीच्या वेळी उघडून आतील गोडे पाणी बाहेर सोडावयाचे व भरतीच्या वेळी ती मिटवून खारे पाणी अडवावयाचे, हेच दोन्हीकडील तंत्राचे मूळ सूत्र आहे.

या तंत्रात एक मूलभूत विसंगती दडलेली आहे. बांधाच्या आतील जमिनीतील पाणी निघून गेले की ती आकसते व खचते. उलट बांधाबाहेरील पठारांवर दर भरतीस नवा गाळ चढत राहतो. यामुळे कालांतराने जुना पोल्डर बाहेरील खाऱ्या भूमीहून खालच्या पातळीवर जातो. जितकी पिके अधिक वर्षे घ्यावीत तितका बांधावरील भार वाढतो, आणि बांध फुटला तर होणारा अनर्थही तितकाच मोठा होतो. म्हणून पोल्डरवासीयांच्या सार्वजनिक जीवनाचा कणा बांधाची देखभाल हाच राहिला. जमीनधारकांनी आपापल्या क्षेत्राच्या प्रमाणात बांधपट्टी भरावयाची, बांधप्रमुखाने वर्षातून ठरलेल्या वेळी बांधाची पाहणी करावयाची, आणि संकटसमयी सर्वांनी कामास लागावयाचे, अशी ही व्यवस्था होती. ज्या भूभागात शेजाऱ्याच्या आळसामुळे स्वतःचे शेत बुडू शकते, तेथे सहकार्यास दयाबुद्धीची वाट पाहावी लागत नाही.

दूल या स्थानाचा उल्लेख १२६७ या वर्षी आढळतो. तथापि त्या काळचे दूल आणि आजचे दूल यांत अखंड सातत्य मानता येत नाही. मध्यंतरी पाण्याने इतिहासाची पाने पुसून टाकली आहेत. नोव्हेंबर १५७० मधील सर्व संतांच्या दिनाचा महापूर या किनाऱ्यावर कोसळला आणि शेजारच्या साफ्टिंगे परगण्यातील विस्तीर्ण भूमी पाण्याखाली गेली. निसर्गाने आरंभिलेले हे कार्य पुढे युद्धाने पुरे केले. स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करून उठलेल्या अँटवर्पला अलेक्झांडर फार्नेसे याने १५८४ मध्ये वेढा घातला, तेव्हा नगराच्या रक्षणार्थ बंडखोरांनी काठावरील बांध जाणूनबुजून फोडले. पाण्याने शत्रूस अडवावे हा हेतू. परंतु ऑगस्ट १५८५ मध्ये नगर पडले ते पडलेच, आणि बुडालेली शेते मात्र तशीच राहिली. साफ्टिंगे पुन्हा कधीही पूर्णतः वर आले नाही. ‘साफ्टिंगेची बुडीत भूमी’ या नावाने ते क्षेत्र दूलच्या वायव्येस, नेदरलँड्सच्या हद्दीत, भरतीच्या पाण्याखाली आजही पसरलेले आहे.

२. तहाच्या सावलीत आखलेले गाव

१६०९ मध्ये स्पेन आणि डच प्रजासत्ताक यांच्यात बारा वर्षांचा युद्धविराम झाला. दूलच्या इतिहासात या तहाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. बांध घालणे हे दीर्घ मुदतीचे आणि प्रचंड खर्चाचे काम असते. जेथे उद्या शत्रूचे सैन्य येऊन बांध फोडील अशी धास्ती आहे, तेथे कोणीही धनिक आपला पैसा मातीत घालणार नाही. युद्धविरामाने ती धास्ती तात्पुरती दूर केली, आणि लगोलग शेल्डकाठी बुडीत जमीन सोडवून घेण्याचे काम सुरू झाले. १६१४ च्या सुमारास दूलचा पोल्डर पुनश्च बंदिस्त झाला आणि त्याच कामाचा भाग म्हणून गावाची आखणी झाली.

ही आखणी दूलचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय. फ्लँडर्समधील बहुतेक गावे चर्चभोवती, रस्त्यांच्या तिठ्यावर किंवा एखाद्या लांबट मार्गाच्या दुतर्फा वाढलेली दिसतात. दूल मात्र बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आहे. नदीच्या बांधास समांतर जाणारे सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे दुसरे रस्ते यांमुळे गावाचे आयताकार खंड पडतात. भूमापकाने ज्या दोरीने शेतांचे पट्टे पाडले त्याच दोरीने घरांच्या जागाही पाडल्या. पुढील चार शतकांत घरे बदलली, मालक बदलले; पण रस्त्यांचा पट बदलला नाही. बेल्जियममध्ये इतक्या लहान वस्तीची सतराव्या शतकातील अशी आखणी इतकी शाबूत राहिल्याचे उदाहरण विरळा.

युद्धविराम १६२१ मध्ये संपला. १६३८ मध्ये नजीकच्या कालो येथे स्पॅनिश सैन्याने डचांचा मोठा पराभव केला. अखेर १६४८ च्या म्युन्स्टरच्या तहाने डच प्रजासत्ताकाचे स्वातंत्र्य मान्य झाले, आणि त्याच तहाने शेल्ड नदी अँटवर्पच्या सागरी व्यापारास बंद ठेवण्याच्या रूढ स्थितीवर शिक्कामोर्तब केले. दूलच्या दक्षिणेस असलेला लीफकेन्सहूकचा किल्ला व त्यासमोर पैलतीरीचा लिलोचा किल्ला ही या बंदीची दोन कुलपे होती. हे किल्ले १७८५ च्या फोंतेनब्लोच्या तहापर्यंत डचांच्या हाती राहिले.

येथे अभ्यासकाने थोडे थांबावयास हवे. सतराव्या-अठराव्या शतकांतील दूल हे शांत, निवांत, शेती आणि मासेमारी यांत रमलेले गाव होते असे वर्णन केले जाते, व ते वर्णन खोटे नाही. परंतु ही शांतता ग्रामजीवनाचा जन्मजात गुण नव्हती. पश्चिम युरोपातील एक अत्यंत सोयीचा जलमार्ग गावाच्या दारातून वाहत होता, आणि तो राजनैतिक करारांनी रिता ठेवलेला होता. फ्रेंचांनी १७९५ मध्ये नदी खुली केली, १८६३ मध्ये शेल्डवरील डच जकात एकरकमी मोबदला देऊन कायमची उठवण्यात आली, आणि अँटवर्पच्या बंदराची वाढ वेगाने सुरू झाली. दूलच्या निवांतपणाची मुदत त्या दिवसापासून मोजावयास हवी. मात्र गावाला त्याचा प्रत्यय येण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

३. ग्रामस्वरूप

दूलमध्ये येणाऱ्याच्या नजरेस प्रथम पडतो तो बांध. घरे त्याच्या पायथ्याशी, नदीच्या पातळीहून खाली आहेत; गावातील रस्त्यावर उभे राहिल्यास नदी दिसत नाही, दिसतात ती बांधावरून सरकत जाणारी जहाजांची शिडे, आणि पुढील काळात लोखंडी नौकांचे प्रचंड सांगाडे. बांधावरच सतराव्या शतकाच्या आरंभीची दगडी-विटांची पवनचक्की उभी आहे. देशातील या जातीच्या सर्वांत जुन्या चक्क्यांत तिची गणना होते. तिच्या पलीकडे भरतीच्या पाण्यावर चालणारे चिमुकले बंदर आहे. कोळ्यांच्या होड्या, नदी ओलांडून लिलोस जाणारी नाव, बांधालगतची खानावळ आणि तेथील वाम व शिंपल्यांची पक्वान्ने यांमुळे रविवारी अँटवर्पहून येणाऱ्या नगरवासीयांस हे गाव सुपरिचित होते.

गावातील दुसरी लक्षणीय वास्तू म्हणजे ‘होखहाउस’, म्हणजे उंच घर. सतराव्या शतकाच्या प्रारंभीची ही वास्तू विख्यात चित्रकार रूबेन्स याच्या कुटुंबाशी संबंधित होती अशी लोकपरंपरा आहे. परंपरेची शहानिशा हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत संदर्भात तिचा उपयोग निराळा आहे. पोल्डरची जमीन आणि अँटवर्पचा पैसा यांचे नाते किती घट्ट होते याची आठवण या परंपरेने जपून ठेवली आहे. दूलचा शेतकरी नांगर धरीत होता, परंतु त्याच्या पायाखालील भूमी निर्माण करण्यास लागणारे भांडवल गावात उपजले नव्हते. नगराने गाव घडविले हा मुद्दा पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

देवमातेच्या स्वर्गारोहणास वाहिलेले सध्याचे चर्च १८५१ ते १८५४ या काळात अभिजात शैलीच्या पुनरुज्जीवनाच्या धर्तीवर बांधले गेले. पोल्डरच्या मऊ मातीत इतक्या भारी वास्तूचा पाया स्थिर राहणे कठीण. चर्च खचले, आणि १९९० च्या दशकात त्याचा मोठा जीर्णोद्धार करावा लागला. ऑगस्ट महिन्यातील ग्रामोत्सवात शेल्ड नदीस आशीर्वाद देण्याचा धार्मिक विधी होतो. ज्या पाण्याने गाव दोनदा गिळले त्याच पाण्यास आशीर्वाद द्यावा, यात पोल्डरवासीयांच्या मनोवृत्तीचे सार आले आहे. नदी त्यांना शत्रू वाटत नाही आणि माताही वाटत नाही. ज्याच्याशी दररोज व्यवहार करावा लागतो अशा सामर्थ्यवान शेजाऱ्याचे स्थान ते तिला देतात.

४. बंदर आणि गाव

दुसऱ्या महायुद्धानंतर अँटवर्पच्या बंदराने उत्तरेकडे झेप घेतली. १९५६ मध्ये आरंभिलेल्या दहा वर्षांच्या विस्तारयोजनेत शेल्डच्या उजव्या तीरावरील ओस्टरवेल, विल्मार्सडोंक, ओर्डरेन आणि लिलो ही जुनी पोल्डरगावे नाहीशी झाली. विल्मार्सडोंकच्या चर्चचा मनोरा मालाच्या कोठारांमध्ये एकाकी उभा राहिला. ओस्टरवेलचे चर्च सभोवतालची जमीन भरावाने उंच केल्यामुळे जणू खड्ड्यात राहिले. उजवा तीर भरून गेल्यावर बंदराची नजर डाव्या तीराकडे वळली, आणि दूलवरील संकटाचे पर्व सुरू झाले.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गावात नवीन बांधकामास मनाई करण्यात आली. वरवर सौम्य दिसणाऱ्या या आज्ञेचा परिणाम दूरगामी असतो. मुलाचे लग्न झाले तर वडिलांच्या शेजारी त्याला घर बांधता येत नाही. दुकानदार दुकान वाढवीत नाही. छप्पर गळले तरी मालक विचार करतो की उद्या पाडावयाच्या घरावर आज खर्च का करावा. अशा रीतीने एकही भिंत न पाडता गाव जीर्ण करता येते. १९६९ मध्ये गावाच्या उत्तरेस, सुमारे एका किलोमीटरवर, अणुविद्युत केंद्राची उभारणी सुरू झाली. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९७५ मध्ये, तिसरी १९८२ मध्ये व चौथी १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. पवनचक्कीच्या पाठीमागे दोन महाकाय शीतक मनोरे उभे राहिले, आणि दूलचे जगभर प्रसृत झालेले छायाचित्र ते हेच.

१९७७ मध्ये दूलची स्वतंत्र ग्रामपालिका संपुष्टात येऊन गाव बेव्हरेन पालिकेत विलीन झाले. हा बदल त्या काळी साऱ्या बेल्जियममध्ये झालेल्या पालिकांच्या एकत्रीकरणाचा भाग होता. तथापि स्वतःच्या भवितव्याबद्दल स्वतःच्या नावाने बोलणारी अधिकृत संस्था दूलने नेमक्या निकडीच्या वेळी गमावली, ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही. १९७८ च्या कायद्याने डाव्या तीरावरील बंदरक्षेत्राच्या व्यवस्थापनाची चौकट ठरली. पुढील दोन दशके गावावरील टांगती तलवार कधी दूर गेली, कधी जवळ आली. अखेर १९९८-९९ मध्ये फ्लेमिश शासनाने गावाच्या लगत ‘ड्योरगांक’ ही कंटेनर जहाजांची नवी गोदी खोदण्याचे आणि दूलची वस्ती उठविण्याचे ठरविले. चर्चचा जीर्णोद्धार नुकताच पुरा होत होता.

यानंतर घडले त्याचे वर्णन ‘विस्थापन’ या एका शब्दाने होत नाही. घरमालकांस ठरावीक मुदतीत घर विकल्यास मोबदल्यासोबत काही सवलती मिळत; विकलेल्या घरात काही वर्षे भाड्याने राहण्याची मुभा असे. व्यवहार कागदोपत्री ऐच्छिक होते. परंतु शेजारची चार घरे बंद झाली, शाळा मिटली, दुकान उठले, की पाचव्याच्या इच्छेला कितीसा अर्थ उरतो? १९७० च्या दशकाच्या आरंभी तेराशेच्या आसपास असलेली लोकसंख्या पुढे दोन-तीन डझनांवर आली. रिकाम्या घरांत चोऱ्या व मोडतोड सुरू झाली, भिंती रंगारी तरुणांच्या चित्रांनी भरून गेल्या, आणि कुतूहलाने येणाऱ्या प्रवाशांची रीघ लागली. २००८ मध्ये अनेक घरे प्रत्यक्ष पाडण्यात आली. ड्योरगांक गोदी त्यापूर्वीच, २००५ मध्ये, खुली झाली होती.

५. पक्षी, कायदा आणि गाव

दूलच्या रहिवाशांनी संघटित प्रतिकार केला. ‘दूल २०२०’ या त्यांच्या संघटनेचे नावच एक प्रतिज्ञा होते: २०२० सालीही गाव असेल. या लढ्याचे विशेष असे की त्यातील निर्णायक शस्त्र ग्रामवारशाचा कायदा नव्हते. पवनचक्की आणि होखहाउस यांस संरक्षित वास्तूंचा दर्जा होता, परंतु वास्तू सुटी करून अन्यत्र हलविता येते असा युक्तिवाद नेहमीच पुढे येतो. गावास आधार मिळाला तो शेल्डकाठच्या पाणपक्ष्यांचा. हा भूभाग युरोपीय कायद्याने पक्ष्यांसाठी संरक्षित केलेल्या क्षेत्रांत मोडतो.

२००१ मध्ये बेल्जियमच्या राज्यपरिषदेने, म्हणजे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, दिलेल्या निर्णयामुळे गोदीचे काम थांबले. फ्लेमिश विधिमंडळाने त्याच वर्षी डिसेंबरात विशेष अधिनियम करून बांधकामाच्या परवान्यांस स्वतःची मान्यता दिली आणि काम पुन्हा सुरू केले. गोदी झाली, पण दुसऱ्या, अधिक मोठ्या गोदीच्या आराखड्याचे तसे होऊ शकले नाही. त्या आराखड्याविरुद्धचा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०१६ मध्ये न्यायालयाने असे सांगितले की, संरक्षित क्षेत्राची हानी होणार किंवा नाही हे ठरविताना, भविष्यकाळी अन्यत्र निर्माण होऊ शकेल अशा निसर्गक्षेत्राची जमा धरता येणार नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यपरिषदेने आराखडा रद्द केला. शासनास नव्याने विचार करणे भाग पडले. २०२० मध्ये निवडलेल्या पर्यायात नव्या गोदीची जागा अशी ठरली की गावास हात लावावा लागू नये, आणि मार्च २०२२ मध्ये झालेल्या करारान्वये दूल टिकेल व तेथे क्रमाक्रमाने पुन्हा वस्ती होईल हे मान्य करण्यात आले.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक घटना घडली. गावाच्या उत्तरेस हेडविग आणि प्रॉस्पर या नावांचे दोन पोल्डर आहेत. प्रॉस्पर पोल्डर आरेनबर्गचे ड्यूक प्रॉस्पर लुई यांच्या नावाचा, १८४६ मध्ये बंदिस्त झालेला. हेडविग पोल्डर १९०७ चा, सीमेपलीकडील. नदीची नैसर्गिक अवस्था पुनःस्थापित करण्यासाठी त्यांच्या बांधास मुद्दाम खिंड पाडण्यात आली आणि सुमारे ४६५ हेक्टर भूमी भरतीच्या पाण्यास परत देण्यात आली. १५८४ मध्ये सेनापतींनी बांध फोडले ते नगर वाचविण्यासाठी. २०२२ मध्ये अभियंत्यांनी बांध फोडला तो, शतकानुशतके खोल करीत आणलेल्या नदीचे देणे अंशतः फेडण्यासाठी. ज्यांच्या पूर्वजांनी ही जमीन समुद्रापासून सोडविली त्या शेतकऱ्यांना हा न्याय कडू वाटला असल्यास नवल नाही. गावास वाचविणारा आणि शेतास बुडविणारा कायदा एकाच तत्त्वातून निघाला आहे, ही दूलच्या प्रकरणातील सर्वांत बिकट बाजू होय, आणि ग्रामप्रेमाच्या उमाळ्यात ती झाकणे इतिहासकारास शोभणार नाही.

६. उपसंहार

वृत्तपत्रांनी आणि प्रवासवर्णनकारांनी दूलला ‘भुतांचे गाव’ ही संज्ञा दिली. ती चित्तवेधक आहे, परंतु इतिहासदृष्ट्या दिशाभूल करणारी आहे. या संज्ञेत कर्ताच नाहीसा होतो; जणू एखाद्या गूढ शापाने लोक निघून गेले. वस्तुतः दूल ओस पडले नाही, ते ओस करण्यात आले. त्या प्रक्रियेतील प्रत्येक टप्प्यास वर्ष आहे, ठराव आहे, स्वाक्षरी आहे. त्याचप्रमाणे दूलच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ‘अनादि कालापासूनचे गाव’ असा जो सूर लावला तोही तितकाच सदोष आहे. गाव अनादि नव्हते. नगराच्या पैशाने, भूमापकाच्या दोरीने आणि बारा वर्षांच्या उसन्या शांततेने ते निर्माण झाले होते.

मग त्याचे मूल्य कशात? जुनेपणा हा त्याचा आधार मानला तर त्याहून जुनी विल्मार्सडोंक-ओर्डरेन यांसारखी गावे नष्ट होताना तो आधार अपुरा ठरला, हे दिसतेच. दूलचा इतिहास असे सुचवितो की गावाचे स्थैर्य पोल्डरच्या बांधासारखे असते. एकदा घातला म्हणून बांध टिकत नाही. दरवर्षी कोणीतरी त्याची पाहणी करावी लागते, पट्टी भरावी लागते, खिंड दिसली तर रात्री-अपरात्री माती टाकावी लागते. १९९८ नंतर ज्या मूठभर कुटुंबांनी घर विकले नाही, अर्ज केले, न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांनी हेच केले.

१ जानेवारी २०२५ पासून बेव्हरेन ही पालिका शेजारच्या पालिकांशी एकत्र होऊन अधिक मोठी झाली. अणुकेंद्रातील तिसरी भट्टी २०२२ मध्ये, पहिली व दुसरी २०२५ मध्ये बंद झाली; चौथीची मुदत २०३५ पर्यंत वाढविण्यात आली आहे. ज्या विराट शक्तींनी विसाव्या शतकात गावास वेढले त्यांतील एक अशी ओसरू लागली आहे. दुसरी, म्हणजे बंदर, अद्याप वाढत आहे. यांच्यामध्ये १६१४ च्या सुमाराचा तो रस्त्यांचा पट जसाच्या तसा आहे. त्याच्या काही खंडांवर आज घरे नाहीत, केवळ गवत आहे. परंतु खंडांच्या सीमा स्पष्ट आहेत, आणि पुन्हा घर बांधावयाचे झाले तर भिंत कोठे उभी करावी हे अजूनही सांगता येते.